तिसऱ्या पायरीवरचा तुकडा

१

छापखान्याचे मालक जिन्याखाली उताणे पडलेले सापडले, तेव्हा आतलं मशीन अजून धडधडत होतं. कागदामागून कागद बाहेर पडत होता, पुतण्या पाठमोरा उभा राहून गठ्ठे सारखे करत होता, आणि भिंतीपलीकडे, दहा पावलांवर, त्याचा काका थंड पडला होता. मरणाची चाल अशी असते. शेजारी येऊन बसलं तरी हूं की चूं करत नाही.

डोक्याला मागून मार होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर अर्धा तास तरी धुगधुगी होती. कुणी वेळेवर हाक मारली असती तर माणूस हाती लागला असता. या एका वाक्यानं सगळी गल्ली हळहळली, आणि हळहळून झाल्यावर गल्ली जे करते तेच तिनं केलं. बोट दाखवलं.

दुपारीच काका-पुतण्यात कडाक्याचं वाजलं होतं. पुतण्याला नवं मशीन हवं होतं. काका म्हणाला, "मी मेल्यावर आण." पुतण्या म्हणाला, "मग थांबतो की थोडं." जिभेला हाड नसतं, आणि बोललेलं परत गिळता येत नाही. तिसऱ्या दिवशी पुतण्या कोठडीत होता.

पुढचं दार आतून बंद होतं. मागच्या गल्लीतल्या दारानं घरात येऊ-जाऊ शकणारी माणसं मोजून तीन. पुतण्या, जिना पुसणारी मावशी आणि मालकांचा ड्रायव्हर. मावशी पावणेसहाला जिना पुसून निघाली ती थेट दवाखान्यात, बाळंतीण सुनेपाशी. तिथे चार माणसांनी तिला पाहिलं. ड्रायव्हर साडेपाचला मालकांना घेऊन आला आणि मागच्या गल्लीत गाडीतच बसून राहिला. साडेसहा झाले तरी मालक खाली येईनात, म्हणून दारातून डोकावला, आणि त्यानंच बोंब मारली. उंबऱ्याच्या आत आपण पाऊल टाकलं नाही, तसेच डॉक्टरकडे धावलो, असं त्यानं लिहून दिलं.

तो गाडीत होता याला साक्ष होती समोरच्या खिडकीतल्या शिवणकामवाल्या बाईची. गाडीची पाठ तिच्या खिडकीकडे. काचा धुक्यानं पांढऱ्या, त्यामुळे माणूस दिसला नाही. पण ब्रेकचे लाल दिवे लागले, असं तिच्या जबाबात होतं. ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो, असं ड्रायव्हरही म्हणाला. ब्रेकवर पाय असल्याशिवाय ते दिवे लागतात होय?

ड्रायव्हर सुटला. पुतण्या अडकला. सगळं कसं चोख बसलं होतं.

फक्त फौजदारांच्या चपलेत एक खडा राहिला होता. वरून तिसऱ्या पायरीवर त्यांना प्लास्टिकचा एक पिवळट तुकडा सापडला होता, करंगळीच्या नखाएवढा. नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर तो आला कुठून, आणि मुळात तो होता तरी काय, हे एकाही माणसाला सांगता येत नव्हतं.

२

"दातांचा डॉक्टर म्हणतो दात नाही," फौजदार काउंटरवर काडेपेटी आपटत म्हणाले. सर्दीनं त्यांचं नाक लाल झालं होतं. "शिंपी म्हणतो बटण नाही. कानाच्या मशीनवाला म्हणतो आमचं नाही. आता तुम्हीही नाही म्हणालात नंबरकाका, तर मी हे ताबीज म्हणून गळ्यात बांधतो आणि बदली मागतो."

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नंबरकाका एकतीस वर्षं उभे होते. दुकान दुसऱ्याचं, पण दुकानाचं डोकं यांचं. गिऱ्हाईकानं पार्टचं नाव घ्यायच्या आत हे त्याचा नंबर सांगत, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या ताईला तेवढं ठाऊक, आणि ती 'बाळ' म्हणायची.

त्यांनी काडेपेटी उघडली. तुकडा तळहातावर घेतला. डोळे मिटून बोटांनी चाचपला.

"काय, मंत्र म्हणताय?"

"गप बसा जरा. डोळा फसतो, बोट फसत नाही."

एका बाजूनं गोल, बटणासारखा, पण अर्धाच, मधून मोडलेला. पाठीला आखूड दांडी, तिला बारीक कंगोरा. म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचा. आणि गोल बाजूच्या मधोमध घासून घासून पडलेली एक वाटोळी खळी. वर्षानुवर्षं कशाचं तरी टोक त्याच जागी येऊन टेकलेलं.

"गाडीचा आहे," काका म्हणाले.

फौजदार ताठ झाले. "गाडीचा? जिन्यावर?"

"पेडलचा स्टॉपर आहे. क्लचचा असेल, नाहीतर ब्रेकचा. दोन्हीकडे हाच बसतो. जुना झाला की बिस्किटासारखा चुरा होतो आणि पायाखालच्या मॅटवर पडतो. महिन्याला दोघंतिघं येतात असले तुकडे घेऊन, 'काका, गाडीतून काहीतरी पडलं.' गाडी बघितल्याशिवाय कुठला ते सांगता येणार नाही."

"मग चला की बघायला! मालकांची गाडी ठाण्याच्या आवारातच आहे. ढकलत आणावी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच होईना." फौजदारांनी नाक पुसलं. मग काहीतरी आठवून आवाज उतरवला. "मालकांचा ड्रायव्हर म्हणजे तुमचे भाऊजीच ना? नशीब त्यांचं, त्या बाईनं दिवे बघितले."

काकांनी तुकडा पेटीत ठेवला. दोनदा ठेवला, कारण पहिल्यांदा तो बाहेरच पडला.

आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते आणि ताई बाराची. ताईनं त्यांना आंघोळ घातली, पाटी पुसून दिली, स्वतःची शाळा सोडून त्यांची चालू ठेवली. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, "बाळ माझ्याबरोबर येईल." आणि भाऊजी हसून म्हणाले होते, "म्हणजे एकावर एक फुकट." पहिला पाना काकांच्या हातात दिला तो भाऊजींनीच. अशा माणसाच्या गाडीखाली आता ते टॉर्च घेऊन आडवे होणार होते.

३

ठाण्याच्या आवारात जाताना वाटेत कोठडी लागली. गजांमागून पुतण्या बघत होता. पंचविशीतला पोरगा, नखांत अजून शाई.

"काका, तुम्ही तरी सांगा हो यांना. मशीन चालू असताना कानाशी तोफ वाजली तरी ऐकू येत नाही. आत माणूस पडला, मला काय कळणार?"

"गाडी चालवतोस का रे कधी मालकांची?"

"मला सायकलशिवाय काही येत नाही. आणि आमचा काका मला गाडीला हात लावू देतोय होय? तो स्वतः कधी पुढे बसला नाही. कायम मागे, डाव्या काचेशी." बोलता बोलता त्याचा चेहरा वाकडा झाला. "लावू देत होता, म्हणायचं आता."

काकांनी मान फिरवली. कुणाचं रडणं त्यांना बघवत नसे.

गाडीचं दार उघडून ते सीटखाली मान घालून आडवे झाले. फौजदारांनी टॉर्च धरला. क्लचच्या पेडलवर स्टॉपर जागच्या जागी होता. ब्रेकच्या पेडलवर नुसतं भोक. आणि ज्याचं टोक त्या स्टॉपरला टेकायचं, तो दिव्यांचा स्विच भोकातून आरपार नाक काढून बसलेला.

मॅट उचलली. कोपऱ्यात पिवळा चुरा, आणि त्यात अर्ध्या बटणाएवढा एक तुकडा. काकांनी काडेपेटीतला तुकडा त्याच्याशी भिडवला. मोडलेल्या कडा दोन भावंडांसारख्या एकमेकींना लागून बसल्या.

"ही बॅटरी का बसली, सांगू?" काकांचा आवाज खोल गेला होता. "दुसरी आणा, लावून दाखवतो."

दुसरी बॅटरी आली, तारा जोडल्या. गाडीत कुणी नव्हतं. किल्लीसुद्धा फौजदारांच्या खिशात होती. तरी मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले.

फौजदार मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले. "हे कुणी दाबलं?"

"कुणीच नाही. पाय काढला की पेडल वर येतं आणि हे बटण स्विचला दाबून धरतं, तेव्हा दिवा विझतो. बटणच गळालं तर दाबणार कोण? पाय असो नसो, दिवा चालूच. बॅटरी मरेपर्यंत."

"म्हणजे त्या बाईनं बघितलं ते..."

"थांबा," काका म्हणाले. "तिला एक विचारल्याशिवाय मी पुढचं बोलणार नाही."

आणि मनात त्यांनी देवाला हात जोडले. बाई नाही म्हणू दे. एवढं एकदा नाही म्हणू दे.

४

शिवणकामवाली बाई तोंडात टाचण्या धरून बोलत होती. "परत? किती वेळा तेच सांगू? लग्नाचे सहा झगे आहेत माझ्याकडे. नवरी तुमच्या अंगावर धाडू का?"

"एकच शब्द विचारायचाय, बाई," काका म्हणाले. "दिवे लागले, असं तुमच्या जबाबात आहे. तुम्ही खिडकीत असताना विझलेले होते, मग लागले, असं झालं का?"

"छे! मी कशाला असं म्हणेन? मी म्हटलं, लागलेले होते. मी दिवेलागणीला खिडकीत येऊन बसले तेव्हापासून ते लागलेलेच. एकदासुद्धा मिचकले नाहीत. माझी शिवणाची भिंत लालेलाल. पांढरा दोरा कुठला, गुलाबी कुठला, कळेना मेला."

फौजदारांनी खिशातला कागद काढून वाचला. हवालदारानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'दिवे लागले.' लागले आणि लागलेले. एका अक्षराचा फरक. पण पहिल्यात कुणाचा तरी पाय पेडलवर पडतो, आणि दुसऱ्यात पायाचा पत्ता नसतो. तेवढ्या फटीतून एक माणूस आत गेला होता आणि एक बाहेर सुटला होता.

"आणि बाई, मालकांना दवाखान्यात नेलं, सगळे निघून गेले," काकांनी विचारलं, "त्यानंतर?"

बाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. पहिल्यांदाच नीट विचार करावासा तिला वाटला असावा. "त्यानंतरही होते की. मी पडदा ओढला तेव्हाही होते. अगंबाई." ती खाली बसली. "मग गाडीत कोण होतं हो?"

"कुणी नव्हतं," काका म्हणाले.

खाली उतरल्यावर जिना पुसणारी मावशी दारातच भेटली. तिला विचारायचं होतं तेवढंच विचारलं.

"वरून तिसरी पायरी? ती फुटकी आहे, तिथे पाणी साचतं, म्हणून फडक्यानं हातानं टिपते मी. पावणेसहाला टिपली. टाचणी असती तरी दिसली असती. डोळे फुटलेत का माझे?"

डोळे. त्या शब्दापाशी काका थबकले. गेल्या रविवारी भाऊजींनी त्यांना पाणी ओतून दिलं होतं. अर्धं पेल्यात, अर्धं टेबलावर. ताई हसली होती, "म्हातारे झालात." भाऊजी हसले नव्हते.

रस्त्यात फौजदार म्हणाले, "मी मांडतो, चुकलं तर थांबवा. साडेपाचला गाडी उभी केली, शेवटचा ब्रेक दाबला, आणि बटण मोडलं. अर्धं मॅटवर राहिलं, अर्धं बुटाच्या खाचेत बसलं. पावणेसहानंतर तो बूट जिन्यावर वरपर्यंत गेला. मालक मागे बसणारे. पुतण्याला गाडी येत नाही. पुढच्या मॅटवर पाय ठेवणारा माणूस एकच." ते थांबले. "पण काका, तो स्वतःच म्हणाला, तासभर ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो."

"गल्लीत उतार आहे, आणि हँडब्रेक चांगला आहे, आताच ओढून बघितला," काका म्हणाले. "बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हँडब्रेक सोडून तासभर पाय दाबून बसत नाही. ते वाक्य त्याचं नाही. कुणीतरी त्याच्या तोंडात घातलं."

फौजदारांचे कान लाल झाले. "मीच विचारलं होतं. 'बाई म्हणते दिवे लागले, ब्रेकवर पाय ठेवून बसला होतात का?' तो हो म्हणाला."

काका रस्त्याकडे बघत होते. "मला एक तास द्या."

"पळाला तर?"

"त्याला पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही, साहेब. पळून कुठे जाईल?"

५

ताईच्या घरी संध्याकाळचा दिवा अजून लावला नव्हता. भाऊजी खिडकीशी बसले होते. ताई आत ओट्याशी होती. दूध तापत ठेवलं होतं.

"ये रे बाळ," ताई म्हणाली. "तोंड का असं, गाढव हरवल्यासारखं?"

काकांनी खिशातून काही काढलं नाही. तुकडे फौजदारांकडेच होते. ते भाऊजींसमोर बसले आणि म्हणाले, "ब्रेकचा स्टॉपर मोडला होता. दिवे आपोआप लागलेले होते."

भाऊजींनी हात गुडघ्यांवर ठेवले, गाडीतून उतरायच्या आधी ठेवायचे तसे.

"मला वाटलंच होतं, शोधणारा तूच असशील. दुसऱ्या कुणाला ते कळलंच नसतं."

"वर का गेलात?"

"मालकांनी बोलावलं. त्या दिवशी चौकात एक बाई मला दिसलीच नाही. अगदी पुढ्यात येईपर्यंत. मालकांनी ओरडून ब्रेक दाबायला लावला. वर गेल्यावर म्हणाले, 'किल्ली दे. उद्यापासून येऊ नकोस.' रागावून नाही रे. प्रेमानंच म्हणाले. तेच सोसलं नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. "बावीस वर्षं ती किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी हात पुढे केला, मी मूठ मिटली. त्यांनी ओढली, मी हिसकली. त्यांची जिन्याकडे पाठ होती, ते मागच्या मागे गेले."

ओट्याशी भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हाक का नाही मारली?" काकांनी विचारलं. बाकी सगळं त्यांना कळलं होतं. हे एकच नव्हतं. "डॉक्टर म्हणतात, अर्धा तास होते ते."

"श्वास चालला होता. मी ऐकला. भिंतीपलीकडे पोरगा होता, दारावर धपका मारला असता तरी पुरे होतं." भाऊजींनी डोळे चोळले. "पण बाळ, मला वाटलं, हे उठतील आणि पहिल्यांदा किल्ली मागतील. एवढंच आलं मनात. माणूस जातोय हे नाही आलं. मी पुलापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा श्वास नव्हता."

"आणि तो पोरगा? कोठडीत?"

"फौजदारांनी विचारलं, ब्रेकवर पाय होता का. मी खोटं रचलं नाही रे. खोटं आपल्या पायांनी दारात आलं, मी फक्त आत घेतलं. मग रोज वाटे, उद्या सांगू."

आतून ताई बाहेर आली. पदराला हात पुसत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, भावाकडे बघितलं. काकांना वाटलं, आता ती म्हणणार: मी तुला वाढवलं ते यासाठी? त्याच्या उत्तरासाठी वाटभर ते शब्द जुळवत आले होते.

"फौजदारांना ठाऊक आहे?"

"आहे. मी एक तास मागून घेतलाय."

"त्या पोराची आई काल बाजारात भेटली," ताई म्हणाली. "भाजीवाल्याशी बोलताना तिला भाजीचं नावच आठवेना. मी पिशवी धरून उभी होते. मला वाटलं, देवा, हिचं दुःख मला नको देऊ." ती खुंटीकडे गेली, भाऊजींचा स्वेटर काढला. "हात वर करा."

भाऊजींनी लहान मुलासारखे हात वर केले. तिनं स्वेटर चढवला, कॉलर बाहेर काढली, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. दारातले बूट तिनं उचलले, तळवा वळवून बघितला, आणि ते बाजूला ठेवून चपला पुढे केल्या.

"मी येतो," काका उठले.

"तू नाही यायचं."

"ताई..."

"तू आलास तर लोक म्हणतील, मेव्हण्यानं धरून आणला. मी नेलं तर म्हणतील, स्वतः आला. एवढं तरी त्यांच्या नावावर राहू दे." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुझ्यावर राग आहे का, ते मला आज विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही. उद्याही विचारू नकोस."

तिनं भाऊजींचा दंड धरला. उंबऱ्यापाशी म्हणाली, "पायरी आहे," आणि त्यांनी पाय चाचपत टाकला. दोघं अंगण ओलांडून गेली, तिच्या चालीनं, कारण त्यांना आता दुसऱ्या कुणाच्या चालीनं चालता येणारच नव्हतं.

फाटकातून तिनं मागे वळून न बघता हाक दिली, "बाळ, दूध बघ! उतू जाईल."

काका धावत ओट्याशी गेले. साय फुगून कडेपर्यंत आली होती. त्यांनी फडक्यानं पातेलं उतरवलं, गॅस बंद केला, वर झाकण ठेवलं. थेंबही सांडला नाही. मग ते तिथेच उभे राहिले, हातात फडकं, आणि आता इथून जायचं की थांबायचं, हे सांगायला घरात कुणी नव्हतं.